रॉईसने आवळलेले बोल्ट

आमच्या गावात माझ्या बाबांविषयी बोलायची एक ठरलेली रीत होती. आधी म्हणायचं, व्हर्लिन गेरिंगसारखा माणूस नाही, शेजाऱ्याचा मका वाऱ्याने आडवा झाला तर स्वतःचा सोडून आधी त्याचा काढायला जाईल. मग जरा थांबायचं, कॉफीचा घोट घ्यायचा आणि म्हणायचं, "आता ते इंजिनाचं सोडा."

बाबा फेब्रुवारीत गेले. दफन झाल्यावर चर्चच्या तळघरात जेवणं चालली होती. हॅमचे सँडविच, बटाट्याचं सॅलड, नेहमीचंच. आई रिकाम्या बशा घेऊन स्वयंपाकघराकडे निघाली होती, आणि कोट टांगायच्या दांडीपलीकडे दोन म्हातारे बोलत होते. "सरळ माणूस होता बिचारा. ते इंजिनाचं सोडलं तर." आईने बशा तिथेच एका खुर्चीवर ठेवल्या. मला वाटलं, आता ही रडणार. ती रडली नाही. घरी जाताना गाडीत हातमोजे काढत म्हणाली, "नेडीन, मिल क्रीकला जुन्या गाड्यांची शर्यत कधी असते गं?"

"जूनमध्ये. का?"

"वॅगन न्यायची आहे."

मी शाळेची बस चालवते. मागे पोरं एकमेकांच्या झिंज्या उपटत असताना डोकं थंड ठेवायची मला सवय आहे. तरी त्या दिवशी मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि उभी केली.

वॅगन म्हणजे आमची घरचीच गाडी. पिस्ता रंगाची, लांबलचक, मागे म्हैस उभी राहील एवढी जागा. आठवडाभर आई तिच्यातून किराणा आणायची, मला आणि माझ्या भावाला दातांच्या डॉक्टरकडे न्यायची. रविवारी चर्च सुटलं की बाबा तीच गाडी मिल क्रीकच्या पट्टीवर शर्यतीला न्यायचे. मक्याच्या शेतांमधून गेलेली पाव मैलाची सरळ डांबरी पट्टी. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहणार, हिरवा दिवा लागणार, जो आधी पोचेल तो जिंकला. यात मूल तरी काय शिकेल, असं आजी म्हणायची. आम्ही सगळं तिथेच शिकलो.

आमच्या गटाचा नियम एकच होता. इंजिन कारखान्यातून आलं तसंच पाहिजे. आतला एखादा भाग बदलून जोर वाढवला की तो माणूस लबाड. हरणाऱ्याला शंका आली तर त्याने फक्त एक शब्द म्हणायचा, "उघडा." मग जिंकणाऱ्याचं इंजिन पत्र्याच्या शेडखाली सगळ्यांदेखत खोलायचं आणि मोजायचं. आणि ज्याने "उघडा" म्हटलं, त्यानेच सगळं होईपर्यंत दिवा धरून उभं राहायचं. ही आमच्या मिल क्रीकची पद्धत. शंका घेतलीस ना, मग नीट बघ.

त्या वॅगनचं इंजिन शेवटचं जोडलं माझ्या भावाने, रॉईसने. अडुसष्ट सालचा वसंत होता, तो एकोणीस वर्षांचा होता आणि त्याला सैन्याचं बोलावणं आलेलं होतं. जायच्या आधी त्याला ते काम पुरं करायचं होतं. बोल्ट पुरता आवळला की त्यावर रंगाचा ठिपका द्यायचा असतो, निम्मा बोल्टवर आणि निम्मा खालच्या धातूवर. बोल्ट नंतर केसभर जरी फिरला तरी ठिपका तडकतो आणि कळतं. गोठ्यातला रंग वाळून गेला होता. मग या शहाण्याने माझी नेलपॉलिशची बाटली उचलली. मी चौदा वर्षांची होते, ती लालभडक बाटली मी आईपासून लपवून ठेवली होती, आणि ती अर्धी रिकामी बघून मी घर डोक्यावर घेतलं. "रडू नकोस गं," तो म्हणाला, "परत आलो की दोन आणून देईन."

ऑक्टोबरमध्ये तो व्हिएतनामहून परत आला, पेटीत. पेटी उघडू नका, असं बरोबरच्या अधिकाऱ्याने सांगितलं. आम्ही उघडली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात बाबा अंतिम शर्यत जिंकले. हरला तो एमेट राऊश, आमच्या धान्याच्या कोठारवाल्याचा थोरला. तो म्हणाला, "उघडा." त्याचं काही चुकलं नव्हतं, एवढी अवजड वॅगन आपल्याला हरवते म्हटल्यावर कुणीही म्हणालं असतं. बाबा वॅगनच्या पुढ्यात उभे राहिले, बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, "नाही." नाही म्हणणारा हरला, असा नियम. कप एमेटला गेला आणि बाबा आयुष्यभराचे लबाड ठरले. माझ्या पोराने आवळलेत ते बोल्ट, एवढं जरी ते बोलले असते तरी सगळं मिल क्रीक टोप्या काढून उभं राहिलं असतं. पण बाबांना ते बोलायचं नव्हतं. घरी येऊन त्यांनी आम्हालाही बजावलं, "तो चारचौघांत काढायचा विषय नाही."

मग वॅगन गोठ्यात गेली. बाबा दर रविवारी तिला चालू करायचे, शेताच्या रस्त्याने एक फेरी मारून आणायचे. टायर बदलले, ब्रेक बदलले, कार्ब्युरेटर कितीदा साफ केला, पण त्या लाल ठिपक्यांना कधी हात लावू दिला नाही. इंजिनाच्या मागच्या सांध्यातून थेंब थेंब तेल पाझरायचं. बोल्ट काढून सांधा नव्याने बसवला असता तर तासाभराचं काम. बाबांनी खाली एक पसरट तवा ठेवला आणि वर्षानुवर्षं तो रिकामा करत राहिले.

हे सगळं आईला माझ्याइतकंच ठाऊक होतं. म्हणून तर मी त्या दिवशी गाडी थांबवली.

"तू जिंकलीस तर एमेट उघडायला सांगेल," मी म्हणाले.

"तेच तर हवंय."

"आणि रॉईसचे बोल्ट?"

तिने खिडकीबाहेर बघितलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, बर्फ आणि कापलेल्या मक्याची खुंटं. "बोल्टांना सव्वीस वर्षं सांभाळलं," ती म्हणाली. "आता तुझ्या बाबाला कुणी सांभाळायचं?"

"मग निदान गाडी मी चालवते."

"तू बस चालव."

मला राग आला, आणि तो जूनपर्यंत टिकला. बाबा तर गेलेच होते. त्यांना लबाड म्हणा नाहीतर संत म्हणा, त्यांना आता काय त्याचं. रॉईसच्या हातचं मात्र जगात तेवढंच उरलं होतं, आणि ती माऊली तेच सोडवायला निघाली होती. मी तिला हे असंच्या असं सुनावलं. तिने ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी शेताच्या रस्त्यावर सराव सुरू केला. सत्तर वर्षांची बाई, निळा लोकरी स्वेटर घालून, डाव्या पायाने ब्रेक दाबून धरत उजव्याने पेट्रोल देत होती. शेजारच्या गाई कुंपण सोडून पळाल्या.

शर्यतीच्या दिवशी तपासणीला बॉइड होता, गोलमटोल, गळ्यात चष्मा, कुणालाच न दुखवणारा. त्याने गाडीखाली डोकं घातलं आणि बाहेर काढलं.

"मिसेस गेरिंग, तेल गळतंय. पट्टीवर एक थेंब जरी पडला तरी मागून येणारा घसरेल. मी हिला सोडू शकत नाही."

"लंगोट बांधलाय की," आई म्हणाली.

"काय?"

"खाली परत वाकून बघ. चांगला जाड आहे, दुहेरी. रॉईसच्या वेळची दुपटी होती, तीच शिवलीत."

बॉइड पुन्हा वाकला. इंजिनाच्या बुडाशी खरंच एक मऊ पांढरं कापड चापूनचोपून बांधलेलं होतं, एक थेंब खाली येत नव्हता. तो उठला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. "ठीक आहे," तो म्हणाला. "दर फेरीनंतर बदला म्हणजे झालं."

"मला शिकवू नकोस. दोन पोरं वाढवलीत."

पहिल्या फेरीत तिच्यासमोर इंडियानापोलिसहून आलेला एक दाढीवाला होता, आरशासारखी चकचकीत गाडी घेऊन. वॅगन बघून तो हसला आणि मला म्हणाला, "आजींना सांगा, अंडी फुटतील, सावकाश." आजींनी त्याला असा मागे टाकला की परतीच्या रस्त्यावर त्याने खिडकीची काचसुद्धा खाली केली नाही. दुसऱ्या फेरीतला निघायच्या घाईत हिरव्या दिव्याआधीच सुटला आणि बाद झाला. दोन्ही वेळा आईने परत येऊन आधी लंगोट बदलला, मग लिंबूसरबत मागितलं.

अंतिम फेरीत समोर कोण येणार हे गावाला सकाळपासून माहीत होतं. एमेट राऊश आता बहात्तरचा, काठी टेकत चालणारा, पण गाडीत बसला की काठी मागच्या सीटवर टाकायचा आणि माणूस बदलायचा. तीच लाल गाडी, तोच माणूस. बाकांवर एवढी माणसं झाली होती की पोरं कुंपणावर चढली होती.

सुरुवातीच्या रेषेवर गाडी सरळ उभी करायला एक माणूस लागतो. आईचं माणूस मी होते. मी गाडीपुढे उभी राहून हाताने तिला डावी-उजवी सांगत होते, आणि काचेतून मला हेल्मेट आणि त्याखाली तो निळा स्वेटर दिसत होता. वरचं बटण नेहमीसारखं लावलेलं. मी बाजूला झाले. तिने डावा पाय ब्रेकवर ठेवून उजवा दाबला.

आवाजाचं मला नेहमी वाटतं की तो कानात शिरत नाही, छातीत शिरतो. पायाखालची जमीन थरथरायला लागली. माझ्या हातातल्या पेल्यातलं सरबत थरथरत होतं. खांबावरचे पिवळे दिवे एकामागून एक उतरत आले, आणि हिरवा लागला.

वॅगनचं नाक वर उठलं. मागे वजन असल्यामुळे मागची चाकं डांबराला चिकटली आणि सगळा जोर पुढचं अंग उचलण्यात गेला. पुढची दोन्ही चाकं जमीन सोडून हवेत गेली. आमची किराण्याची गाडी! जिच्या मागच्या सीटवर मी गोवर आलेला असताना झोपले होते, ती गाडी मागच्या दोन चाकांवर उभी राहून आभाळाकडे बघत सुटली होती, आणि तिच्यात माझी आई होती. माझ्या तोंडून काय निघालं ते मला आठवत नाही. बाबा चालवायचे तेव्हाही मी हे पाहिलं होतं, पण मी तेव्हा लहान होते आणि लहानपणी सगळंच असं असतं असं वाटतं. आता बेचाळिशीला आलेली मी तिथे तोंड उघडं टाकून उभी होते, आणि मला चक्क देवळात उभं राहिल्यासारखं वाटत होतं.

चाकं खाली टेकली. एमेट मागून येत होता. त्याची गाडी निघताना घसरते, पण एकदा पकड आली की तिला कुणी धरू शकत नाही. दोन्ही गाड्या लहान लहान होत गेल्या, लाल आणि पिस्ता, लाल जवळ येतेय, अजून जवळ, आणि मग इथून काही कळेना. टोकाला जिंकणाऱ्याचा दिवा पेटला, डाव्या बाजूचा. डाव्या बाजूला आई होती.

बाकं एकदम उठून उभी राहिली. मी मात्र धावत शेडकडे निघाले, कारण खरी शर्यत आता सुरू होणार होती. जिंकणाऱ्याने शेडखाली येऊन थांबायचं असतं. हरलेला परतीच्या रस्त्याने तिथूनच जातो. तो न थांबता गेला तर प्रकरण मिटलं. थांबून शब्द बोलला तर इंजिन उघडायचं.

आई आधीच पोचली होती. हेल्मेट काढून तिने केस सारखे केले होते. लाल गाडी सावकाश आली, शेडसमोर आली. बॉइडने विचारलं, "एमेट, काही म्हणायचंय?"

एमेटने मान हलवली. "काही नाही." आणि गाडी पुढे निघाली.

मला सांगायला लाज नाही, माझा जीव भांड्यात पडला. बोल्ट वाचले. पण आई वॅगनचं दार उघडून उतरली, झपाझप चालत गेली आणि लाल गाडीच्या समोर जाऊन उभी राहिली. एमेटने करकचून ब्रेक मारला.

"वेड लागलंय का आर्डिथ? चिरडली असतीस आत्ता!"

"म्हण."

"काय म्हणू?"

"व्हर्लिनला म्हणाला होतास ते."

"तू जिंकलीस. झकास चालवलीस. आता घरी जा, उगाच जुनं उकरू नकोस."

"मी उकरतेय? गेली सव्वीस वर्षं तुम्ही सगळे उकरताय. त्याच्या मयताच्या जेवणात उकरलंत. मला आज निकाल हवाय. तू म्हटल्याशिवाय बॉइड पाना उचलणार नाही, आणि त्याने पाना उचलल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

एमेटने दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवले होते. हातांवर म्हातारपणाचे डाग होते. "मला नाही बघायचं," तो म्हणाला.

"भितोस."

"हो, भितो!" तो एकदम ओरडला. "आत काही सापडलं तर तुझा नवरा लबाड. नाही सापडलं तर मी कोण? तो कप आमच्या बैठकीच्या खोलीत आहे आर्डिथ. आमची ही दर शनिवारी पुसते त्याला."

"माहीत आहे मला," आई म्हणाली. तिचा आवाज आता मऊ झाला होता. "म्हणून तर तूच म्हणायला हवंस."

एमेटने इंजिन बंद केलं. काठी घेऊन उतरला. "उघडा," तो म्हणाला, इतकं हळू की बॉइडला पुन्हा विचारावं लागलं.

शेडभोवती लोकांनी घडीच्या खुर्च्या आणून मांडल्या. ऊन अजून होतं, पण इंजिनाच्या पोटात उन्हाचा काही उपयोग नसतो. बॉइडने जाळीचा हातदिवा एमेटच्या हातात दिला आणि बॉनेट वर केलं. गाडी निवेपर्यंत थांबलो, मग त्याने कार्ब्युरेटर काढून बाजूला ठेवला. त्याखाली इंजिनाच्या माथ्यावर ओतीव लोखंडाचं जाड झाकण असतं, आणि त्या झाकणाचे ते बोल्ट. एमेटने दिवा पुढे केला.

बॉइड थांबला. "हे लाल काय आहे?"

"माझं नेलपॉलिश," मी म्हणाले.

म्हणायचं ठरवलं नव्हतं, पण आता बाबा नव्हते आणि माझं तोंड कधीच माझ्या ताब्यात नसतं. मी सगळं सांगितलं. बाटलीचं, ठिपक्यांचं, पेटीचं. लाल रंग आता तपकिरी पडला होता, पण प्रत्येक ठिपका सबंध होता. एकही तडकलेला नव्हता. सांगताना मी आईकडे बघायचं टाळलं.

कुणीतरी टोपी काढली, मग बाकीच्यांनीही. दिवा हलायला लागला. "मला कुणी सांगायचं तरी," एमेट म्हणाला.

"त्याला सांगायचं नव्हतं," आई म्हणाली. "आणि तूही त्याला कधी विचारलं नाहीस, ‘बाबा रे, नाही का म्हणतोस?’ कुणीच विचारलं नाही."

बॉइडने पाना खाली ठेवला. "मिसेस गेरिंग, हे राहू द्या. आम्हाला कळलं. इथे आता कुणालाही शंका नाही." मागून आवाज आले, राहू द्या, राहू द्या, बंद करा. आणि माझ्या मनात आलं, झालं, दोन्ही मिळालं. बाबांचं नावही आणि बोल्टही. याहून चांगलं काय होणार होतं?

आईने पाना उचलला.

"तुम्हाला दया आली म्हणून तो खरा ठरणार का?" ती म्हणाली. "उद्या सकाळी कॉफी पिताना तुमचंच कुणीतरी म्हणेल, मुलगा गेला बिचाऱ्याचा, जाऊ द्या ते इंजिनाचं. मला दया नको. मोजा."

तिने पाना पहिल्या बोल्टला लावला आणि जोर केला. काही हललं नाही. पुन्हा केला. तिच्या मानेच्या शिरा दिसायला लागल्या. "एवढं घट्ट कशाला आवळायचं ते!" ती रागावून म्हणाली, अगदी त्याच्यावर रागवायची तशी. "काकडीच्या लोणच्याच्या बरण्यांची झाकणंसुद्धा असाच आवळायचा. मग दिवसभर मी बसायची झटापट करत."

मी पुढे झाले आणि तिच्या हातांवर माझे हात ठेवले. तिचे हात गार होते. आम्ही दोघींनी मिळून जोर लावला. बोल्ट कुरकुरला आणि फिरला, आणि लाल ठिपका मधोमध तडकला. तो तडकताना मी पाहिला. वाटलं होतं त्याहून जास्त दुखलं.

दुसरा बोल्ट मी काढला. बाकीचे बॉइडने काढले, एकेक करून, आणि प्रत्येक आईच्या हातात दिला. तिने ते स्वेटरच्या खिशात टाकले. मग दोघा माणसांनी ते जड झाकण उचललं. सांधा इतक्या वर्षांचा चिकटलेला होता की सुटताना फाटल्यासारखा आवाज झाला.

"एमेट, इकडे," बॉइड म्हणाला. "मागच्या बाजूला धर."

मागच्या कडेवर सांधा बुजवायला तपकिरी लेप लावलेला असतो. बोटानेच लावायचा, तशीच पद्धत आहे. तो लेप आता दगडासारखा झाला होता. आणि त्यात, जिथून इतकी वर्षं तेल पाझरत होतं नेमकं तिथे, एक अंगठा उमटलेला होता. सबंध. प्रत्येक रेष. जरा तिरपा, घाईत दाबल्यासारखा, आणि एका बाजूला जखमेच्या जुन्या व्रणाची आडवी रेघ. तो व्रण रॉईसला माझ्यामुळे झाला होता, बर्फावरच्या घसरगाडीवरून मी ढकलला होता त्याला. अंगठा खोल दबला होता, म्हणून लेप तिथे पातळ राहिला होता, म्हणून तेल गळायचं.

त्याची पेटी उघडू नका म्हणाले होते. आम्हाला त्याचा हात बघायला मिळाला नव्हता, चेहरा नाही, काही नाही. आणि तो इथे होता. आमच्या गोठ्यात, किराण्याच्या गाडीत, दर रविवारी शेताच्या रस्त्याने फिरून येत होता. बाबा त्या तव्यातलं तेल ओतून टाकायचे ते त्याच्या अंगठ्यावरून आलेलं असायचं, आणि त्यांना ते कधी कळलं नाही. बाबांनी त्याला उरापाशी धरून ठेवलं आणि म्हणूनच त्यांना तो दिसला नाही. मला बाबांची एवढी दया कधी आली नव्हती.

आईने ते पाहिलं. तिचा हात पुढे गेला आणि अर्ध्यावर थांबला. तिने तो मागे घेतला.

"आधी मोज," ती बॉइडला म्हणाली.

आणि बॉइडने मोजलं. त्या कडेला अजिबात धक्का न लावता, फुलांच्या परडीत हात घालावा तसा वाकून, त्याने बाकीचं इंजिन खोललं. झडपा उचलणारा कॅमचा दांडा मोजला. झडपा मोजल्या. सिलिंडरची तोंडं मोजली, एक झाल्यावर दुसरं, आणि प्रत्येक माप मोठ्याने म्हणाला, म्हणजे मागच्या खुर्चीलाही ऐकू जावं. ऊन मक्यावर तिरपं झालं. एमेटचा हात दुखत असणार, कारण त्याने दिवा धरायचा हात काठीवर टेकवला होता, पण दुसऱ्या कुणी दिवा घ्यायला हात पुढे केला तेव्हा त्याने मान हलवून नकार दिला. शेवटी बॉइड सरळ उभा राहिला, चष्मा काढला आणि पुसला.

"कारखान्यातून आली तशीच," तो म्हणाला. "सगळी. एका केसाचाही फरक नाही."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. चर्चच्या तळघरातल्या त्या दोघा म्हाताऱ्यांपैकी एकजण तिथे होता, तो आपल्या बुटांकडे बघत होता. एमेट म्हणाला, "आर्डिथ, कप उद्या सकाळी आणून देतो. मी स्वतः." आईने मान डोलावली, पण तिचं लक्ष नव्हतं. ती रुमालाने आपला उजवा हात पुसत होती, एकेक बोट, चर्चमध्ये जायच्या आधी आमचे पुसायची तसं.

मग ती वाकली आणि तिने आपला अंगठा त्या ठशात ठेवला. तो आत गेला आणि भोवती जागा उरली.

"अगं, हा माझ्यापेक्षा मोठा झाला होता," ती मला म्हणाली. "कधी झाला एवढा? मला कळलंच नाही."

दिवा पुन्हा हलायला लागला होता, इंजिनावर सगळीकडे सावल्या नाचत होत्या. एमेट रडत होता, उघडउघड, बहात्तर वर्षांचा माणूस.

"एमेट," आई अंगठा न उचलता म्हणाली, "दिवा हलवू नकोस. मला अजून बघायचंय."